एक्स-रे क्लिअर, म्हणजे मुका मार?

डोक्याच्या दुखापतीबद्दलचा एक निरोप सध्या फिरतो आहे. मला तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला. तिघांनीही "हे खरं आहे का हो?" असं विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आत पुढे पाठवूनही दिला. लहानच आहे, म्हणून सगळा देतो:

"डोक्याला किंवा तोंडाला मार लागला की घाबरू नका. साधा एक्स-रे काढा, समोरून एक आणि बाजूने एक. चार-पाच व्ह्यू लिहून दिले तर तो निव्वळ धंदा. फिल्मवर काळी रेघ दिसली तर फ्रॅक्चर. क्लिअर आली म्हणजे मुका मार. नाकाला लागलं असेल तर नाकाचा एक्स-रे मागून घ्या. डोळा लाल-काळा नसेल आणि तोंड उघडत असेल तर हाडं शाबूत आहेत. सीटीला नाही म्हणा, एका सीटीत शेकडो एक्स-रेंचं रेडिएशन असतं. आणि रात्रभर पेशंटला झोपू देऊ नका."

फिल्म वाचणं हा माझा रोजचा उद्योग. निरोपातली काही वाक्यं साफ चूक आहेत, एक-दोन अर्धी खरी आहेत, आणि त्रास देणारी तीच. एकेक घेतो, पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही. प्रत्येक चुकीची किंमतही सारखी नसते.

"क्लिअर आली म्हणजे मुका मार"

सगळा निरोप या वाक्यावर उभा आहे, म्हणून आधी हेच.

एक्स-रे म्हणजे सावली. किरण जिथे अडतात तिथे पांढरं, जिथून सहज पार होतात तिथे काळं. कवटीच्या फिल्मवर हाड दिसतं, सायनसमधली, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्यांमधली हवा दिसते, दातात भरलेली चांदी तर झगझगीत दिसते. मेंदू दिसत नाही. मेंदू, त्याच्याभोवतीचं पाणी आणि तिथे नुकतंच साचलेलं रक्त या तिघांची सावली साध्या फिल्मवर एकसारखी करडी पडते. आत रक्त साचलेलं डोकं आणि ठणठणीत डोकं, दोघांच्या फिल्म शेजारी-शेजारी लावल्या आणि दोन्हींत हाडाला तडा नसला, तर कोणती कुणाची हे मलाही सांगता येणार नाही.

'मुका मार' हा शब्द पोटरीला शोभतो, खांद्याला शोभतो. तिथे हाड शाबूत निघालं की बहुतेक काळजी मिटते. कवटीचं गणित वेगळं. इथे हाड म्हणजे डबा आणि जपायचा ऐवज आत. डबा फुटला का, हा दुसरा प्रश्न. आतल्या ऐवजाला धक्का लागला का, हा पहिला. शिवाय डबा न फुटता घट्ट बंद राहिला, तर आत साचलेल्या रक्ताला बाहेर पडायला वाटच नसते. ते मेंदूला दाबत जातं.

कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाने एक धमनी जाते, मिडल मेनिंजियल आर्टरी. तिथे फटका बसून ती फाटली की हाड आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. याला एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमा म्हणतात. त्याची एक फसवी तऱ्हा आहे: माणूस मार लागल्यावर क्षणभर सुन्न होतो, मग उठून बसतो, नीट बोलतो, "मला काही झालं नाही" म्हणून सगळ्यांना परत पाठवतो, आणि काही तासांत कोसळतो. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये स्कीइंग शिकताना पडल्या. सुरुवातीला त्यांना बरं वाटत होतं, त्यांनी मदतही नाकारली. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला, आणि शवविच्छेदनात कारण निघालं ते हेच.

आता अर्धं सत्य. कवटीला तडा असेल तर आत रक्तस्राव असण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, हे खरं आहे. म्हणूनच एके काळी डोक्याला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची फिल्म काढत. पण "तडा आहे म्हणून धोका जास्त" यावरून "तडा नाही म्हणून धोका नाही" हे निघत नाही. मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्यांचं हाड लवचीक असतं. ते आत दबतं, पुन्हा जागेवर येतं, आणि तडा न जाताही आतली रक्तवाहिनी किंवा मेंदू दुखावतो.

म्हणून ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २००३ सालीच डोक्याच्या दुखापतीच्या मार्गदर्शक सूचनांत कवटीचा एक्स-रे बाजूला सारून सीटीला, म्हणजे कापा-कापांतून मेंदूही दाखवणाऱ्या स्कॅनला पुढे आणलं. आणि सीटी कुणाचा, हे फिल्मवर नव्हे, माणसाकडे बघून ठरतं. शुद्ध पूर्ण नाही, किंवा दोन तास उलटले तरी गोंधळ कायम आहे. मोठ्या माणसाला एकापेक्षा जास्त वेळा उलटी झाली. झटका आला. हातापायातली ताकद किंवा बोलणं बदललं. हाड आत दबल्यासारखं हाताला लागतं. कवटीच्या तळाला तडा गेल्याच्या खुणा आहेत. यातलं काहीही असेल तर तासाभरात सीटी, असा सूचनेचा रोख आहे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा वय ६५ च्या पुढे असून थोडा वेळ शुद्ध गेली असेल, तर तिथेही हात सैल सोडत नाहीत.

तळाच्या तड्याबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण साध्या फिल्मवर तो बहुधा निसटतो. तिथे हाडांची इतकी गर्दी आहे की एक बारीक रेघ सहज बुडून जाते. पण तो बाहेर खुणा ठेवतो. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं कडं, कानामागच्या उंचवट्यावर उमटलेला डाग, आणि नाकातून किंवा कानातून येणारं नितळ पाणी. कानामागचा डाग बहुधा लगेच दिसत नाही, उमटायला एखादा दिवस जातो. नाकातलं पाणी सर्दीचं समजून लोक पुसत राहतात. एकाच नाकपुडीतून येत असेल, वाकल्यावर वाढत असेल, घशात खारट लागत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नाक शिंकरायचं नाही आणि थेट डॉक्टरांकडे जायचं. असा संशय असताना दवाखान्यातही नाकातून नळी घालत नाहीत. तळ फुटलेला असेल तर नळी भलतीकडे जाऊ शकते.

"समोरून एक आणि बाजूने एक"

हात मोडला की दोन फिल्म चालतात, कारण हाताची हाडं लांब आणि मोजकी असतात. कवटीत २२ हाडं आहेत, त्यातली १४ चेहऱ्याची. काही नखाएवढी, काही कागदासारखी पातळ, आणि त्यांच्यामध्ये हवेने भरलेल्या पोकळ्या. समोरून सरळ किरण टाकला तर हे सगळं एकावर एक पडतं. जमावाचा फोटो मागच्या रांगेतून काढल्यासारखं. ज्याला शोधायचं तो नेमका कुणाच्या तरी डोक्याआड.

त्या जमावातला सगळ्यात आडमुठा माणूस म्हणजे कानाच्या आतला भाग जिच्यात बसवलेला असतो ती हाडाची जाड पट्टी. तिचं नावच 'पेट्रस', म्हणजे दगडासारखी. फिल्मवर ती पांढऱ्याफटक ठिगळासारखी येते आणि मागचं-पुढचं सगळं झाकते. चेहऱ्याचे बहुतेक व्ह्यू म्हणजे या दगडाला वाटेतून बाजूला सारायच्या युक्त्या आहेत.

वॉटर्स व्ह्यू घ्या. पेशंटची हनुवटी फिल्मला टेकवायची, नाक किंचित दूर, डोकं मागे, इतकं की डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या छिद्राकडे जाणारी रेषा फिल्मशी ३७ अंशांचा कोन करेल. मग दगडाची सावली घसरून गालाच्या सायनसच्या खाली जाते, आणि वरच्या मोकळ्या जागेत डोळ्याच्या खोबणीची खालची कड, गालाचं हाड, सायनसच्या भिंती स्वच्छ दिसतात. मान दोन-चार अंश कमी वळली तर दगड पुन्हा सायनसवर येऊन बसतो आणि फिल्म वाया. चांगला रेडिओग्राफर दुखऱ्या माणसाचं डोकं या कोनात कसं आणतो, हे बघण्यासारखं असतं. आम्ही वाचणारे त्याच्या हातांच्या जिवावर शहाणे ठरतो.

कॉल्डवेल व्ह्यूमध्ये कपाळ आणि नाक टेकवून किरण १५ अंश खाली वळवतात. दगड खोबणीच्या खालच्या तिसऱ्या भागात जातो, आणि कपाळाचा सायनस, खोबणीची वरची कड, भुवईच्या टोकाशी गालाचं हाड कपाळाला जोडलेलं असतं तो सांधा उघडा पडतो. हा व्ह्यू ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते यूजीन कॉल्डवेल सुरुवातीच्या काळातले क्ष-किरणतज्ज्ञ. त्या काळी किरणांपासून बचावाची कल्पनाच नव्हती. किरणांनी आधी त्यांचे हात खाल्ले आणि १९१८ मध्ये त्यांचा जीवही घेतला. रेडिएशनला घाबरवणाऱ्या निरोपाला उत्तर देताना ही आठवण सोडून देणं मला बरं वाटत नाही.

टाउन व्ह्यूत किरण ३० अंश तिरका येतो आणि डोक्याचं मागचं हाड दिसतं, शिवाय जबड्याचे कानापुढचे गड्डे. हनुवटीखालून टाळूकडे किरण टाकला की गालाच्या हाडाची कमान कपाच्या कानासारखी बाजूला सुटी दिसते. त्यासाठी मात्र मान बरीच मागे न्यावी लागते. चेहऱ्यावर जोराचा मार असेल तर मानेचे मणके ठीक असल्याची खात्री होईपर्यंत तो व्ह्यू काढायचाच नाही. फिल्म सुंदर आली आणि पेशंटचे हातपाय गेले, असं व्हायला नको.

बाजूच्या फिल्मचीही एक गंमत आहे. तडा दिसला नाही तरी सायनसमध्ये साचलेलं रक्त दिसू शकतं. वर हवा, खाली रक्त, मध्ये सरळ रेषा. पण ती रेषा उमटायला किरण जमिनीला समांतर असावा लागतो. पेशंट पाठीवर झोपलेला आणि किरण छताकडून आला, तर रक्त पोकळीभर पसरलेलं दिसतं आणि सायनस नुसता धुरकट वाटतो. जुनी सर्दीही तशीच दिसते. म्हणून झोपलेल्या पेशंटची बाजूची फिल्म आडवा किरण टाकून काढतात. कवटीच्या तळाशी असलेल्या स्फिनॉइड सायनसमध्ये अशी पातळी दिसली, की तडा न दिसताही तळ फुटल्याचा संशय पक्का होतो.

आता वाचायचं कसं? वॉटर्स फिल्मवर आम्ही डोळ्यांनी रेषा ओढत जातो: भुवईवरून एक, खोबणीची खालची कड धरून नाकावरून पलीकडे दुसरी, गालाच्या कमानीखालून सायनसच्या भिंतीने तिसरी. डावी आणि उजवी ताडून बघायची. गालाचं हाड आणि त्याची कमान मिळून हत्तीचं डोकं आणि सोंड तयार होते, हे शिकाऊ डॉक्टरांना दाखवलं की ते पुन्हा विसरत नाहीत. एका बाजूच्या हत्तीची सोंड वाकडी दिसली तर तिथे थांबायचं. गालाचं हाड सहसा एकटं एका जागी मोडत नाही. कपाळाशी, कानशिलाशी, वरच्या जबड्याशी आणि खोबणीच्या आत असे त्याचे चार जोड आहेत, आणि मोठा फटका बसला की बहुधा सगळेच हलतात. एक तुटलेला सापडला म्हणून हात झाडून उठायचं नसतं.

एवढं सांगितल्यावर एक गोष्ट निरोपाच्या बाजूनेही मान्य करतो. चेहऱ्यावर जोराचा मार असेल आणि सीटी होणारच असेल, तर आधी चार-पाच फिल्म काढण्यात खरोखर अर्थ नाही. फ्रेंच सर्जन रने ल फोर यांनी १९०१ मध्ये मृतांच्या डोक्यांवर प्रयोग करून दाखवलं, की वरचा जबडा ठरावीक तीन पातळ्यांवर सुटतो: दातांच्या वरून आडवा, नाकासकट पिरॅमिडसारखा, किंवा अख्खा चेहरा कवटीपासून. आज या तड्यांची नेमकी वाट सीटीवरच ठरते. साध्या फिल्मची जागा आता मर्यादित आहे, पण जिथे काढायची तिथे ती योग्य कोनातून काढायची. 'समोरून एक, बाजूने एक' ही काटकसर नाही, ती फक्त अर्धवट तपासणी आहे.

"काळी रेघ दिसली तर फ्रॅक्चर"

घरी फिल्म खिडकीला धरून बघणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

निरोगी कवटीवरही काळ्या रेघा असतात. हाडांच्या शिवणी असतात. त्या ठरलेल्या जागी, करवतीच्या दात्यांसारख्या नागमोडी, आणि प्रौढांमध्ये कडेला जरा पांढरट. काहींच्या कपाळाच्या मधोमध लहानपणची शिवण मोठेपणीही तशीच राहते आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला धडकी भरवते. रक्तवाहिन्यांच्या खाचा असतात. त्या झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत आणि बारीक होत जातात, आणि हाडाच्या फक्त आतल्या पत्र्यावर कोरलेल्या असल्याने फिकट दिसतात. तडा बहुधा आतून-बाहेरून दोन्ही पत्रे भेदतो, म्हणून तो जास्त काळा, धारदार आणि सरळ. त्याला शिवणीचा नकाशा माहीत नसतो. वाटेल तिथून निघतो, शिवण ओलांडून जातो. घट्ट वेणी, केसातल्या पिना, कानातलं यांच्या सावल्या वेगळ्याच.

उलट बाजू याहून महत्त्वाची. काही फ्रॅक्चर काळी रेघ मुळी दाखवतच नाहीत. हाडाचा तुकडा आत दबून शेजारच्या हाडाखाली सरकला की त्या जागी हाडाचे दोन थर होतात आणि फिल्मवर पांढरी रेघ उमटते. निरोपाच्या नियमाने ती 'क्लिअर'.

"नाकाचा एक्स-रे मागून घ्या"

मागू नका. नाक मोडलंय का, हे बघून आणि हाताने चाचपून ठरतं: वाकडं झालं का, दाबल्यावर हाड करकरतं का, श्वास जातो का. नाकाचा पुढचा भाग कूर्चेचा, आणि कूर्चा फिल्मवर दिसत नाही. हाडावर नसेची खाच आणि जोड नेहमीचेच. ते तड्यासारखे भासतात. जुनं फ्रॅक्चर वर्षानुवर्षं रेघ दाखवत राहतं. फिल्म काहीही म्हणो, उपचार बदलत नाही. कायदेशीर नोंदीसाठी फिल्म लागते तो प्रश्न वेगळा.

फिल्मच्या रांगेत उभं राहण्याऐवजी डॉक्टरांना नाकाच्या आत बॅटरी मारून पडदा बघायला सांगा. मधल्या पडद्यावर लालसर-जांभळा, दाबला तर मऊ लागणारा फुगवटा असेल, तर ते साचलेलं रक्त आहे. पडद्याच्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, वरच्या आवरणातून तिचं पोषण होतं. रक्त साचून आवरण सुटलं की ती काही दिवसांत मरते, नाक मधोमध खचतं, कधी पू होतो. हा फुगवटा त्याच दिवशी रिकामा करायचा असतो. हाड बसवायला मात्र घाई नाही. सूज उतरली की चार-पाच दिवसांनी आकार पुन्हा बघतात, आणि बसवायचं झालं तर मोठ्यांमध्ये साधारण दोन आठवड्यांच्या आत बसवतात. मुलांमध्ये त्याच्याही आधी.

"डोळा लाल-काळा नसेल तर"

सगळ्या निरोपात मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते, कारण ते मुलांच्या मुळावर येतं.

खोबणीचा तळ म्हणजे खालच्या सायनसचं छप्पर, अगदी पातळ पत्रा. डोळ्यावर चेंडू किंवा ठोसा बसला की हा पत्रा खाली फुटतो. यालाच ब्लोआउट फ्रॅक्चर म्हणतात. मोठ्या माणसात पत्रा फुटून उघडा राहतो, चरबी खाली लोंबते आणि वॉटर्स फिल्मवर सायनसच्या छपराला लटकलेल्या थेंबासारखी दिसते. नाक शिंकरलं तर सायनसमधली हवा खोबणीत घुसते आणि पापण्या फुगतात. असा मार लागल्यावर काही आठवडे नाक शिंकरू नका म्हणतात ते यासाठी.

मुलाचं हाड लवचीक. ते झडपेच्या दारासारखं खाली उघडतं आणि पुन्हा मिटतं. मिटताना डोळा हलवणारा खालचा स्नायू दारात चिमटून बसतो. बाहेरून काय दिसतं? डोळा पांढराशुभ्र, सूज जवळजवळ नाही. मूल मात्र वर बघायला तयार नसतं. वर बघायला लावलं की दुखतं, दोन-दोन दिसतं, मळमळतं, उलटी होते, नाडीसुद्धा मंदावते. उलटी दिसली की सगळे मेंदूकडे बघतात आणि डोळा राहून जातो. हाड जागेवर परतल्यामुळे एक्स-रे अनेकदा नॉर्मल. सीटीवरही खूण इतकी बारीक, की संशय मनात धरून शोधावी लागते. चिमटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, म्हणून तो एक-दोन दिवसांत सोडवावा लागतो. उशीर झाला तर डोळ्याची हालचाल कायमची अधू राहू शकते. याचा पत्ता कोणतीही फिल्म देत नाही. मुलासमोर बोट धरून "डोकं न हलवता वर बघ" असं म्हटल्यावर लागतो.

गाल, नाकाची बाजू आणि वरचा ओठ बधिर झाला असेल तर तेही खोबणीच्या तळाचं किंवा गालाच्या हाडाचं लक्षण, कारण त्या भागाची नस याच पत्र्यातून जाते. आणि डोळा पुढे आलेला, हाताला घट्ट लागणारा, नजर घटत चाललेली असेल, तर डोळ्यामागे रक्त साचतंय. तिथे स्कॅनचीसुद्धा वाट बघत नाहीत, दाब आधी मोकळा करतात.

"तोंड उघडत असेल तर"

मोडलेल्या जबड्यानेही तोंड उघडतं. विचारायचं ते हे: दात पूर्वीसारखे बसतात का? "चावताना दात वेगळेच लागतात" असं पेशंट म्हणाला, की बहुतेक वेळा तो बरोबर असतो. खालचा ओठ बधिर, जिभेखाली काळंनिळं, या बाकीच्या खुणा. उलट, तोंड उघडत नसेल तर दोष जबड्याचाच असेल असंही नाही. आत दबलेली गालाची कमान जबड्याच्या टोकाला अडवत असू शकते.

खालचा जबडा हे जवळजवळ कडं आहे, आणि ताठर कडं एका जागी मोडलं की बरेचदा दुसरीकडेही मोडतं. हनुवटीवर आपटलेलं मूल हे ठरलेलं उदाहरण: हनुवटीला टाके पडतात, सगळे खूश, आणि कानापुढचा सांध्याचा गड्डा मोडलेला तसाच राहतो. तिथे वाढीचं केंद्र असतं. पुढे जबडा वाकडा वाढू शकतो किंवा सांधाच आखडतो. हनुवटी फुटली की कानापुढे बोट ठेवून बघावं. जबड्यासाठी अख्खा जबडा एका पट्टीत दाखवणारी ओपीजी ही फिल्म उत्तम, पण हनुवटीच्या मधोमध मणक्यांची सावली पडून ती तिथे अंधुक येते, म्हणून जोडीला दुसरा व्ह्यू लागतो. पुन्हा तेच, एका कोनातून भागत नाही.

"सीटीला नाही म्हणा"

आकडा अगदीच हवेतला नाही. डोक्याच्या सीटीला साधारण २ मिलिसिव्हर्ट रेडिएशन लागतं, छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.०२. म्हणजे शंभरेक पट. फक्त निरोप एवढं सांगून थांबतो. जमिनीतून, हवेतून, आकाशातून, अन्नातून माणसाला दरवर्षी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतं. डोक्याचा सीटी म्हणजे त्यातले काही महिने. डोक्यात रक्त साचल्याचा खरा संशय असेल तर या तराजूत दुसरं पारडं जड आहे.

पण संशय नसेल तर सीटी नकोच. मुलांच्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील असतात, म्हणून २००९ मध्ये ४२,४१२ मुलांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास, पेकार्न, प्रसिद्ध झाला तो कुणाला सीटी लागत नाही हे शोधण्यासाठी. त्याच्या निकषांत बसणारं मूल निश्चिंतपणे घरी पाठवता येतं. ना सीटी, ना एक्स-रे. हे वाक्य निरोपवाल्यांना आणि प्रत्येक पडलेल्या पोराचा स्कॅन मागणाऱ्या पालकांना, दोघांनाही उद्देशून.

आणि सीटी झाला म्हणजे सगळं बघितलं, हाही भ्रमच. मेंदूसाठी काढलेल्या सीटीत खालचा जबडा येतच नाही. खोबणीचा तळ आडव्या कापांना समांतर असतो. उभे काप करून बघितले नाहीत तर तिथला तडा निसटतो. चिठ्ठीवर नुसतं 'डोकं' न लिहिता 'गाल बधिर, दोन-दोन दिसतं' असं लिहून आलं, की काय काढायचं आणि कुठे बघायचं ते आम्हाला कळतं.

"रात्रभर झोपू देऊ नका"

निरोपाचा स्वतःच्याच मुख्य वाक्यावर विश्वास नाही, हे इथे कळतं. क्लिअर म्हणजे मुका मारच असेल, तर रात्रभर जागरण कशाला?

तपासून घरी पाठवलेल्या माणसाला झोपू द्यावं. झोपल्याने रक्तस्राव होत नाही. जागं ठेवण्याने फक्त माणूस दमतो आणि दुसऱ्या दिवशीची सुस्ती मारामुळे की जागरणामुळे, हे कुणालाच कळत नाही. पहिल्या रात्री त्याच्याजवळ कुणीतरी शहाणं माणूस असावं, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा उलटी झाली, बोलणं अडखळलं, झटका आला, किंवा हाक मारून हलवूनही नीट जाग येत नसेल, तर फिल्मचं पाकीट शोधत न बसता त्याला उचलून न्यावं.